पेढे न वाटता लिहिलेला रिव्ह्यू : कर्वे रोडजवळचं एक वंध्यत्व क्लिनिक

सगळ्यात आधी कलेक्शन रूमबद्दल, म्हणजे वीर्यतपासणीचं सँपल द्यायच्या खोलीबद्दल लिहितो कारण त्याबद्दल कुणीच लिहीत नाही. इथल्या खोलीला आतून कडी आहे आणि ती लागते. बेसिन आहे, बेसिनला पाणी येतं, टिश्यू आहेत, आणि भिंतीत एक छोटी खिडकी आहे जिच्या पलीकडे थेट लॅब, म्हणजे डबी हातात घेऊन भरलेल्या वेटिंगमधून वरात काढावी लागत नाही. हे वाचून ज्यांना हसू येतंय त्यांनी ही टेस्ट अजून केलेली नाही एवढंच म्हणतो.

आधीच्या ठिकाणी (नाव घेत नाही, मोठी चेन आहे, होर्डिंगवर गुबगुबीत बाळ आहे, पण तसली होर्डिंगं पुण्यात ढिगाने आहेत तेव्हा अंदाज बांधत बसू नका) ही खोली म्हणजे रिसेप्शनला लागून असलेलं टॉयलेट होतं. कडी अर्धीच बसायची. मी आत असताना कुणीतरी तीनदा दार वाजवलं आणि तिसऱ्यांदा बाहेरून 'झालं का ओ' असं विचारलं. त्या दिवशी काही झालं नाही. फी भरून घरी आलो.

क्लिनिकचं नाव मी इथे टाकत नाहीये, ही बायकोची अट आहे, कारण आमच्या नात्यात रिकामटेकडे डिटेक्टिव्ह भरपूर. कर्वे रोडच्या मागच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, एवढं सांगतो. आणि दुसरं आधीच सांगून टाकतो की आम्हाला अजून मूल झालेलं नाही. दीड वर्ष झालं ट्रीटमेंट चालू आहे. तरी चार स्टार देतोय. ह्या असल्या क्लिनिकांचे रिव्ह्यू मी दोन महिने रात्री जागून वाचलेत, सगळे पाच स्टार, सगळे 'देवासारखे डॉक्टर', सगळ्यांना जुळं नाहीतर मुलगा. मी चाकणला ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे कुणी फक्त पास झालेले पीस टेबलावर मांडून 'बघा आमचं प्रॉडक्शन' म्हणाला तर त्याला विचारतात बाबा रिजेक्शनचा डबा कुठाय. पेढे वाटून झाल्यावरच रिव्ह्यू लिहायची पद्धत आहे, ज्यांचे पेढे राहिले ते गप्प बसतात आणि फाईल कपाटात वर टाकतात. म्हणून म्हणलं आपण मधेच लिहू.

तर आमची हकीकत थोडक्यात. लग्न २०२० च्या फेब्रुवारीत, लॉकडाऊनच्या तोंडावर. पहिली दोन वर्षं आम्हीच थांबवलेलं, २०२२ पासून प्रयत्न. बायकोची पाळी कॉलेजपासूनच अनियमित, कधी पन्नास दिवस कधी सत्तर दिवस. गावाकडे (कोरेगाव तालुका, सातारा) आईच्या ओळखीच्या डॉक्टरांनी पाळी रेग्युलर करायला गोळ्या दिल्या, आठ महिने घेतल्या, पाळी घड्याळासारखी यायला लागली, सगळे खूष. नंतर एका मेडिकलवाल्याने सहज सांगितलं की दादा ह्या गर्भनिरोधक गोळ्या आहेत. म्हणजे आम्ही आठ महिने मूल व्हावं म्हणून मूल न होण्याच्या गोळ्या घेत होतो. गोळी वाईट नाही हे आता कळतं, पीसीओएसमध्ये (हार्मोनच्या बिघाडाने पाळी लांबते तो आजार, पुढे येईलच) ती देतातच, गर्भाशयाचं अस्तर साठून राहू नये, पिंपल्स, चेहऱ्यावरचे केस कमी व्हावेत म्हणून, पण ज्या बाईला मूल हवंय तिला द्यायची तर निदान सांगून तरी द्या.

मग चेन. तिथे पहिल्या व्हिजिटला बायकोच्या रक्ताच्या अकरा टेस्ट. दुसऱ्या व्हिजिटला काऊन्सेलर म्हणून एक ताई आल्या त्यांनी कॅल्क्युलेटर काढला आणि आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) १ लाख ८० हजारांचं पॅकेज सांगितलं, इंजेक्शनं वेगळी, ह्या महिन्यात बुक केलं तर डिस्काऊंट. माझी टेस्ट? ती 'प्रोसिजरच्या आधी करून घेऊ सर, फॉर्मॅलिटी आहे'. तीच ती टॉयलेटमधली. परत बोलावलं त्या तारखेला आम्ही गेलोच नाही.

आता ह्या क्लिनिकची पहिली व्हिजिट, २०२४ चा फेब्रुवारी. डॉक्टर मॅडमसमोर दोन खुर्च्या आहेत, दोन्ही सारख्याच. हे मुद्दाम सांगतो कारण गावच्या दवाखान्यात पेशंटची खुर्ची एकच होती आणि मी दारात हेल्मेट धरून उभा असायचो, ड्रायव्हरसारखा. मॅडमनी जाडजूड फाईल पाच मिनिटं शांतपणे चाळली आणि बायकोला काही न विचारता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यात तुमचा रिपोर्ट कुठाय?"

नव्हताच. दोन वर्षं, तीन डॉक्टर, बायकोच्या बावीस टेस्ट, चार सोनोग्राफ्या, एकवीरेला एक नवस, आईने आणलेली दोन प्रकारची चूर्णं, ही सगळी मोजणी एकाच मशीनची झाली होती आणि दुसरं मशीन कुणी उघडूनच बघितलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडे काही ना काही असतं, एकट्याकडे किंवा दोघांकडे मिळून. आणि त्याची पहिली टेस्ट सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी, सुई नाही की काही नाही. इथे ८०० रुपये घेतात. मी मान खाली घालून हो म्हणलं.

टेस्टची माहिती, कारण कुणी नीट सांगत नाही. आधी किमान दोन दिवस आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको, आणि नेमके किती दिवस झाले ते फॉर्मवर खरं लिहायचं. सँपल पूर्ण डबीत जायला पाहिजे, सुरुवातीचं सांडलं तर लाजू नका सांगा, कारण सगळ्यात जास्त शुक्राणू तिथेच असतात. घरून आणायची परवानगी आहे पण तासाभरात पोचवायचं, आणि खिशात अंगाजवळ ठेवून, डिकीत नाही. मागच्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगायचं, रिपोर्ट खाली येतो.

माझा काउंट आला ७० लाख शुक्राणू प्रति मिली, हालचाल २८ टक्के. पाहिजे किमान १ कोटी ६० लाख आणि ४२ टक्के, हे डब्ल्यूएचओच्या वीर्यतपासणीच्या पुस्तिकेच्या २०२१ च्या आवृत्तीतले आकडे. आकाराने नॉर्मल शुक्राणू ४ टक्के, आणि इथे लिहिलं होतं 'नॉर्मल'. मी म्हणलं मॅडम ४ टक्के ओके पीस निघाले तर आमची कंपनी दुपारपर्यंत बंद पडेल. त्या हसल्या, म्हणाल्या माणसाचं असंच असतं, शंभरातले चार धड असले तरी पुरतात. आणि लगेच निर्णय दिला नाही. तीन आठवड्यांनी परत टेस्ट, त्याच लॅबला, तेवढ्याच दिवसांच्या गॅपने. एका रीडिंगवर लॉट रिजेक्ट करायचा नाही हे मला कुणी समजवायची गरज नव्हती, पण डॉक्टरच्या तोंडून ऐकून पहिल्यांदा ह्या क्लिनिकवर विश्वास बसला.

दुसरी टेस्ट पण तशीच. मग गुरुवारी येणाऱ्या सरांकडे पाठवलं, ते पुरुषांचेच डॉक्टर. मला वाटलं सोनोग्राफी वगैरे असेल, तर सर म्हणाले उभे राहा, पँट खाली घ्या, तोंड बंद करून जोर लावा. हाताने तपासूनच सांगितलं, डाव्या बाजूला व्हेरिकोसील. अंडकोषाच्या वरच्या शिरा फुगून शेवयांच्या गुंत्यासारख्या झालेल्या. मला तिथे कधीतरी जडपणा जाणवायचा, दिवसभर लाईनवर उभं राहिलं की जास्त, पण हा विषय कुणाशी बोलणार आणि काय म्हणून बोलणार. सरांनी कागदावर चित्र काढलं. डावीकडची शीर लांब, वर जाऊन किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते, उजवीकडची तशी नाही, म्हणून बहुतेकांना डावीकडेच होतं. शिरेतल्या झडपा ढिल्या पडल्या की रक्त खाली साठतं आणि तिथलं तापमान वाढतं. अंडकोष शरीराबाहेर लोंबतात ते उगाच नाही, त्यांना शरीरापेक्षा दोन-चार डिग्री थंड लागतं. थोडक्यात रेडिएटर चोक. हे मला एका झटक्यात कळलं.

सर असंही म्हणाले की शंभरातल्या पंधरा पुरुषांना हे असतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मुलं होतात, त्यामुळे दिसलं की काप असं नाही. हाताला लागतंय, रिपोर्ट खराब आहे, आणि मूल होत नाहीये, तिन्ही जुळलं तरच ऑपरेशनचा विचार. फक्त डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) दिसणारं बारीक व्हेरिकोसील कापून फायदा होत नाही. माझं तिन्ही जुळत होतं. वर तंबाखू होती, नाईट शिफ्टची सवय, ती त्या दिवसापासून सोडली (दोनदा परत सुरू केली, आता सात महिने नाही). जिमला जातो का, इंजेक्शन वगैरे घेतो का हे पण सरांनी खोदून विचारलं. मी नाही, पण आमच्या शिफ्टमधली दोन पोरं बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं मारतात आणि त्यांना वाटतं मर्दानगी वाढतेय. होतं उलटं, बाहेरून हार्मोन आला की शरीर आतला कारखाना बंद करतं, काउंट शून्यावर जाऊ शकतो. त्यांना मी हे जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. हसले.

ऑपरेशन इथे होत नाही, सर जिथे करतात त्या हॉस्पिटलला झालं, मे महिन्यात. मायक्रोस्कोप लावून करतात, जांघेजवळ इंचभर चीर, सकाळी गेलो संध्याकाळी घरी. दोन आठवडे बाईक बंद, महिनाभर वजन उचलायचं नाही. बिल ६८ हजार. कंपनीच्या मेडिक्लेमने नाकारलं कारण पेपरवर वंध्यत्व असं निदान लिहिलेलं, आणि आरोग्यविम्यातून जे वगळलेलं असतं त्या स्टँडर्ड यादीत १७ नंबरला वंध्यत्व आहे हे मला तेव्हा कळलं. पॉलिसी आधी वाचा, भांडायची तयारी नंतर.

आईला सांगायचं कसं हा वेगळाच प्रश्न होता. तिला वाटत होतं सुनेतच दोष, गावात ओटी भरायच्या कार्यक्रमाला बायकोला बोलवायचे पण तिच्या हाताने ओटी भरून घ्यायचे नाहीत, ही गोष्ट मला बायकोने तीन वर्षांनी सांगितली. मी फोनवर म्हणलं आई माझं ऑपरेशन आहे, कशाचं ते पण सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाली, "बरं. डबा कोण देणार हॉस्पिटलात, मी येते." चूर्णं मात्र त्यानंतर माझ्यासाठी यायला लागली.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात त्यामुळे ह्या विषयात काहीही केलं तरी उत्तर तीन महिन्यांनीच. ऑगस्टला १ कोटी १० लाख, नोव्हेंबरला १ कोटी ९० लाख, हालचाल ४१ टक्के. लिमिट ४२ आणि माझे ४१, मी त्या एका टक्क्यावरून सरांशी वाद घालायला लागलो तर त्यांनी सांगितलेलं मला फार आवडलं. हे आकडे पास-नापासाचे नाहीत. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांची तपासणी करून, त्यातल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांच्या वर ही रेघ मारलेली आहे. म्हणजे शंभर बापांमधले पाच बाप ह्या रेघेच्या खालीच आहेत. सर हेही स्वच्छ बोलले होते की ऑपरेशननंतर सगळ्यांचाच रिपोर्ट सुधारतो असं नाही, तुमचा सुधारला हे नशीब. असं बोलणारा डॉक्टर होर्डिंगवर दिसणार नाही.

आता बायकोचं. हा भाग तिने वाचून दुरुस्त केलाय. मॅडमनी पीसीओएस म्हणजे काय हे सांगायला वीस मिनिटं घेतली आणि पहिलं वाक्य हे की तुझ्या अंडाशयात गाठी नाहीत. चार सोनोग्राफ्यांमध्ये 'सिस्ट' ऐकून ती घाबरलेली, कॅन्सरपर्यंत जाऊन आलेली. ते सिस्ट म्हणजे अर्धवट वाढून थांबलेली बीजांडाची छोटी पुटकुळी. तीन गोष्टी बघतात, पाळी लांबणे, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं ते चित्र, तीनपैकी दोन असल्या आणि थायरॉईड, प्रोलॅक्टिन अशी बाकीची कारणं नाहीत ना हे तपासलं की निदान होतं. नुसत्या सोनोग्राफीवरून नाही. मग मॅडमनी तिची मान बघितली. मानेवर मागे काळा पट्टा आहे, सासरी-माहेरी दोन्हीकडे तिला 'मान घासून धूत जा' हेच ऐकायला मिळालं, तिने घासून घासून कातडी सोलवटून घेतलीय. तो मळ नाहीच. शरीरात इन्सुलिन जास्त झाल्याची ती खूण. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर बघितली ती काठावर निघाली. वयाच्या तिसाव्या वर्षी. ती क्लिनिकच्या जिन्यात रडली, शुगरसाठी नाही, मानेसाठी.

ट्रीटमेंट म्हणून आधी मेटफॉर्मिन (शुगरची गोळी, पहिले पंधरा दिवस पोट बिघडतं, जेवणासोबत घ्या, हळूहळू डोस वाढवा) आणि वजन. वजनाचं पण 'वीस किलो कमी करा' असं छापील नाही सांगितलं, म्हणाल्या आहे त्याच्या पाच टक्के उतरलं तरी कित्येक जणींची पाळी सुधारते. ती ७२ ची होती, ६७ ला आली सहा महिन्यांत, पतपेढीतून घरी चालत यायला लागली, भाकरी आली, सकाळचं चहा-खारी गेलं. पाळी सत्तरवरून चाळीस दिवसांवर. ह्याच काळात रुबेलाची तपासणी, लस (लस घेतली की महिनाभर थांबायचं) आणि फॉलिक ॲसिड सुरू. माझ्या रिपोर्टची वाट बघण्यात वेळ फुकट घालवला नाही हे मला आवडलं, दोन्ही लाईन एकदम चालू होत्या.

गर्भाशयाच्या नळ्यांची एचएसजी केली, डाय सोडून एक्सरे. दोन्ही मोकळ्या. काही जणी म्हणतात दुखत नाही, बायको म्हणते लिहा की दुखतं, पाळीच्या पहिल्या दिवसाच्या दुप्पट, पण पाच-दहा मिनिटंच, आणि तासभर आधी पेनकिलर घेऊन जा.

मग लेट्रोझोल. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस. बीज वाढवायची गोळी, स्वस्त आहे. घरी येऊन बायकोने नाव गूगल केलं तर आलं स्तनाच्या कॅन्सरचं औषध, आणि खाली २०११ मध्ये सरकारने वंध्यत्वासाठी ह्यावर बंदी घातल्याची बातमी. रात्री अकराला मला उठवलं. दुसऱ्या दिवशी फोन केला तर मॅडम चिडल्या नाहीत, हाच मला चार स्टारपैकी एक पूर्ण स्टार. म्हणाल्या बंदी नंतर उठली, औषध मूळचं कॅन्सरचंच आहे, ते इस्ट्रोजेन कमी करतं, कमी झालं की मेंदूला वाटतं अंडाशय झोपलंय आणि तो जास्त हार्मोन पाठवून त्याला उठवतो, पाच दिवसांचा खेळ. पीसीओएसमध्ये आता हेच पहिलं औषध. पुढच्या वेळी त्यांनी एक अभ्यास सांगितला, २०१४ चा, अमेरिकेतला, ७५० बायका, पाच सायकलपर्यंत (सायकल म्हणजे एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंत), जुन्या क्लोमिफीन गोळीने १९.१ टक्के बायकांना मूल झालं आणि लेट्रोझोलने २७.५ टक्के. मी बाईकवर येताना हिशोब केला. म्हणजे जिंकलेल्या औषधावर पण शंभरातल्या बहात्तर जणींचे पेढे राहिलेच. हे आधी कळलं ते बरं झालं, नाहीतर पहिल्या महिन्यात पाळी आली तेव्हा आम्ही मोडून पडलो असतो. पडलो तरीही, पण कमी.

पहिल्या सायकलला एकही बीज वाढलं नाही, डोस दुप्पट केला, मग १९ मिलिमीटर. दर एक-दोन दिवसांनी सोनोग्राफी, बीज १८-२० ला आलं की इंजेक्शन, त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी ते फुटतं. आणि मग 'आज आणि उद्या' असं सांगतात. ह्या 'आज आणि उद्या'वर कुणीतरी स्वतंत्र लिहायला पाहिजे. सेकंड शिफ्ट करून रात्री साडेबाराला घरी, आई मुक्कामी, आणि वर मॅडमची तारीख. एक सायकल तर अशीच गेली, माझ्याकडून झालंच नाही. मला वाटलं आता हे पण सुरू झालं. गुरुवारच्या सरांना विचारलं तर म्हणाले तारखेच्या टेन्शनने हे खूप जणांना होतं, सकाळी उठताना होतंय ना, मग मशीन ठीक आहे. पण जर सतत होत नसेल तर शुगर, बीपी तपासा, कारण त्या बारीक रक्तवाहिन्या आधी खराब होतात आणि हृदयाच्या नंतर. रेल्वेच्या भिंतीवरच्या गुप्तरोगवाल्या बाबांना हे माहीत नसतं. त्यांच्याकडे जाऊन आलेला एक जण वेटिंगमध्ये भेटला, चाळीस हजार घालवून आला होता, निघाला डायबेटिस.

वेटिंग रूम हा खरं तर वेगळाच दवाखाना आहे. तिथे जेवढं शिकलो तेवढं रिपोर्टमधून नाही. बारामतीकडची एक ताई, दोन्ही नळ्या बंद, कारण गर्भाशयाचा टीबी, खोकला नाही ताप नाही, कधी कळलंच नाही, आता एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, चालू आहे सहा महिन्यांचा, गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट. एक मुलगी पाळीत दरवेळी ऑफिसला सुट्टी घेणारी, सगळे म्हणायचे नाटक करते, लॅपरोस्कोपीत (पोटात दुर्बीण घालून बघतात) एंडोमेट्रिओसिस निघालं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढलेलं, चॉकलेट सिस्टसकट (अंडाशयात जुनं रक्त साठलेली गाठ). एक दादा काउंट शून्य, पंधराव्या वर्षी गालगुंड झालेले तेव्हा खाली पण सूज आली होती, घरच्यांनी हळद लावली. त्यांना सरांनी आशा पण दाखवली नाही आणि हाकललं पण नाही, पुढे काय काय करून बघता येतं ते सांगितलं. बायका एकमेकींशी बोलतात, आम्ही पुरुष मोबाईलमध्ये. पाच-सहा गुरुवार एकमेकांची तोंडं बघून झाल्यावर मग कुणीतरी विचारतं, 'तुमचे किती?' आणि दुसरा न लाजता आकडा सांगतो. हा रस्ता ज्यांच्या नावाचा त्या महर्षी कर्व्यांच्या मुलाने, र. धों. नी, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं आणि ह्या विषयापायी प्रोफेसरकी घालवली, आणि शंभर वर्षांनी आम्ही त्याच रस्त्याच्या मागे फाईल सॅकमध्ये उलटी घालून नेतोय.

आता स्टार का कापला. एक, वेळ. अपॉइंटमेंट पाचची आणि नंबर पावणेआठला, दर वेळी. पहिल्या व्हिजिटला प्रत्येकाला चाळीस मिनिटं देतात त्याचा हा हिशोब आहे हे कळतं, मग अपॉइंटमेंटच तशी द्या ना. दोन, रिसेप्शनच्या मावशी. स्वभावाने चांगल्या, पण भरल्या वेटिंगमध्ये "सीमेनवाले कोण आहेत?" असं ओरडतात. एकदम आठ पुरुष बुटाची लेस बघायला लागतात. मी लेखी तक्रार केली, आता नंबरने बोलावतात, पण गर्दी झाली की मावशी मूळ पदावर येतात. तीन, खालचा मेडिकलवाला एमआरपीच्या खाली एक रुपया उतरत नाही आणि इंजेक्शन त्याच्याकडेच मिळतं. जिन्याचं आधी लिहिलंच, एचएसजी करून आलेल्या बाईने तो चढायचा म्हणजे शिक्षा.

एक गोष्ट मुद्दाम विचारून घ्या, कुठेही जा. २०२१ च्या कायद्यानंतर ह्या क्लिनिकांना रजिस्ट्रेशन आणि लेव्हल असते. लेव्हल १ म्हणजे आययूआयपर्यंत (सँपल नळीने आत सोडतात ते, खाली लिहिलंय), लेव्हल २ म्हणजे आयव्हीएफ वगैरे. सर्टिफिकेट भिंतीवर बघा. हे लेव्हल १ आहे. मला आधी वाटलं म्हणजे कमी दर्जाचं. आता वाटतं ह्यांच्याकडे विकायला आयव्हीएफ नाही म्हणूनच बाकी सगळं एवढं नीट बघतात. आयव्हीएफला माझा विरोध नाही, आपल्याकडे तर परळच्या केईएमला (मुंबईचं, रास्ता पेठेतलं नाही) डॉ. इंदिरा हिंदुजांनी ६ ऑगस्ट १९८६ ला आयव्हीएफने हर्षा नावाच्या मुलीला जन्माला घातलं, पालिकेच्या हॉस्पिटलात. ज्यांच्या नळ्याच बंद त्यांना तोच रस्ता. पण ८०० रुपयांची टेस्ट न करता १ लाख ८० हजारांवर उडी मारायची नाही एवढंच.

दीड वर्षाचा खर्च, माझं ऑपरेशन धरून, १ लाख ३१ हजार. वहीत लिहिलाय. लेट्रोझोलच्या चार सायकल झाल्या (एक माझ्यामुळे फुकट), नंतर दोन आययूआय, म्हणजे सँपल धुऊन त्यातले पळणारे वेचून नळीने आत सोडतात, पाच मिनिटांचं काम, दुखत नाही. दोन्ही वेळा पाळी आली. तिसरी ह्या महिन्यात. त्यानंतर काय हे मॅडमनी आताच सांगून ठेवलंय, चौथी करणार नाही, चिठ्ठी देऊन लेव्हल २ ला पाठवणार, कुठे ते पण तीन पर्याय दिलेत आणि म्हणाल्या सहा महिने थांबावंसं वाटलं तर थांबा, तिचं वय आहे अजून. बायको थांबूया म्हणते. मी अजून ठरवलं नाही.

सोमवार ते शनिवार संध्याकाळी पाच ते नऊ, सकाळी फक्त सोनोग्राफी आणि सँपल. पुरुषांचे सर फक्त गुरुवारी. दोघांचं आधार, लग्नाचा दाखला आणि जुने सगळे रिपोर्ट न्या, फक्त तिचेच नाही. बाईक क्लिनिकसमोर लावू नका, पलीकडच्या गल्लीत लावा. माझी दोनदा टो झालीय.